दुकानाचे काम गिऱ्हाइकाच्या माथी

मोठ्या दुकानांत बिल करणारा माणूस जाऊन त्याच्या जागी गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करायचे यंत्र येऊ लागले, की त्याची बाजू घेणारे एक ठरलेले बोलणे ऐकवतात. लोकांना बदल नको असतो, वयस्कर माणसे यंत्राला बिचकतात, चार महिन्यांत सवय होते आणि तक्रार आपोआप विरते. या बोलण्यात गिऱ्हाइकाची नाराजी म्हणजे निव्वळ भावना ठरते आणि भावना म्हणून ती बाजूला सारली जाते. माझा विरोध इथूनच सुरू होतो. ही नाराजी भित्रेपणाची नाही, हिशेबाची आहे. दुकानाने आपले काम, आपली जोखीम आणि आपला संशय या तिन्ही गोष्टी आपल्यावर ढकलल्या, आणि त्यातून जी बचत झाली तिच्यात आपल्याला वाटा दिला नाही, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळते. त्याला ते नीट मांडता येत नसेल, पण कळते.

हे मी मिरजगावातून लिहितो आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, नगर–सोलापूर महामार्गावरचे हे बाजाराचे गाव. इथल्या किराणा दुकानांत असे यंत्र मी पाहिलेले नाही. मग मिरजगावच्या माणसाने या वादात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. शहरातल्या ज्या काउंटरवरून माणूस उठवला जाणार आहे, त्या काउंटरवर आमच्यासारख्या गावांतली पोरे-पोरी उभी आहेत, हे पहिले. दुसरे असे, की माणसाच्या जागी यंत्र बसवून काम लोकांवर सोपवण्याचा हा प्रकार आमच्याकडे दुसऱ्या नावांनी कधीच आलेला आहे. रेशनच्या दुकानात आला, बँकेत आला, शेताच्या बांधावर आला. त्याचे पुढे काय होते हे आम्ही पाहिले आहे.

रेशनचेच पाहू. २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रे बसली. त्यांचा फायदा झाला हे मी मान्य करतो. मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलणे अवघड झाले, कोणाच्या कार्डावर किती धान्य गेले याची नोंद राहू लागली. पण ज्यांचे हात उसाच्या कोयत्याने, खुरप्याने आणि विटांनी झिजले त्यांचा अंगठा यंत्राला लागेना. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य गावोगावच्या म्हाताऱ्यांना पाठ झाले. आणि तरीही त्यातल्या पुष्कळांच्या पिशवीत धान्य पडले ते कशामुळे? यंत्रामागे एक दुकानदार बसलेला होता म्हणून. तो दुसरे बोट लावून पाहायचा, हात पुसून यायला सांगायचा, घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावून घ्यायचा. काही दुकानदार लबाड निघाले, काहींनी त्रासही दिला. पण त्यांच्याशी भांडता येत होते, तहसीलला त्यांच्या नावाने अर्ज करता येत होता. यंत्राशी काय बोलणार? रेशनच्या यंत्राचा गुण दिसला तो माणूस तिथे होता म्हणूनच दिसला.

दुसरे उदाहरण ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करायची पद्धत सुरू झाली. पूर्वी हे काम तलाठ्याचे होते. तलाठी घरात बसून पिके लिहितो ही तक्रार खरी होती, आणि आपल्या शेतात काय उभे आहे हे आपणच सांगावे हा विचारही चांगला होता. पण प्रत्यक्षात काय घडले? ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, ज्याला गट नंबर भरून फोटो चढवणे जमत नाही, तो मागे राहिला. नोंद करायची राहिली तर पुढे नुकसानभरपाई आणि सरकारी खरेदी या दोन्हींत अडचण. आणि चूक कोणाची? शेतकऱ्याची, कारण नोंद आता त्याने करायची होती. शेवटी राहिलेल्या नोंदी करण्यासाठी गावागावांत सहायक नेमावे लागले. म्हणजे यंत्राच्या शेजारी पुन्हा माणूस आलाच. फरक इतकाच, की पूर्वीचा माणूस पगारी नोकर होता आणि नवा माणूस नोंदीमागे मानधन मिळवणारा.

मुंबईच्या लोकलचेही तसेच झाले. स्थानकांवर तिकिटाची एटीव्हीएम यंत्रे बसवली, प्रवाशाने स्वतः तिकीट काढावे म्हणून. काही काळातच रेल्वेला त्या यंत्रांपाशी कमिशनवर मदतनीस बसवावे लागले, त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेली माणसेही होती. आज मुंबईत उतरलेला आमच्याकडचा माणूस यंत्राला हात लावत नाही. तो शेजारच्या मदतनिसाला ‘एक दादर’ म्हणतो आणि पैसे देतो. सांगायचे ते हे, की माणसाची गरज यंत्राने संपत नाही. संपते ती माणसाची पक्की नोकरी.

आता मोठ्या दुकानांच्या बाजूने केले जाणारे एकेक म्हणणे घेऊ.

वेळ वाचतो, हे पहिले. दोन बिस्किटपुडे आणि एक साबण घेतलेल्या तरुणाचा वेळ वाचत असेल. महिन्याचा किराणा भरायला आलेल्या घराचा वाचत नाही. काउंटरवरची मुलगी दिवसभर तेच काम करते. कोणत्या पुड्यावर बारकोड कुठे आहे हे तिच्या हाताला ठाऊक असते, मेथी आणि शेपू तिला वेगळी ओळखता येतात, सुट्या गुळाचा कोड तिला तोंडपाठ असतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कुठून यावे? तो पुडा उलटसुलट करतो, पडद्यावर भाजीचे चित्र शोधतो, मध्येच यंत्र अडते आणि मदतनिसाची वाट पाहायला सांगते. चार-सहा यंत्रांमागे मदतनीस असतो एक. रांगेत उभे राहायचा वेळ कमी झाला असे दिसते, कारण तोच वेळ आता गिऱ्हाईक काम करण्यात घालवत असते. हाताला काम लागले की वाट पाहणे जाणवत नाही, पण घड्याळ तेवढेच पुढे सरकलेले असते.

दुसरे म्हणणे असे, की दुकानाचा खर्च घटला की माल स्वस्त होतो. घटलेला खर्च गिऱ्हाइकापर्यंत पोचायचाच असेल तर त्याचा सोपा मार्ग आहे. जो स्वतः बिल करील त्याच्या बिलातून ठरावीक रक्कम वजा करा. ‘स्वतः बिल करा, अर्धा टक्का सूट घ्या’ अशी पाटी मी अजून कोणत्याही दुकानात वाचलेली नाही. माणसाच्या काउंटरला जाणारा आणि यंत्राला जाणारा दोघेही सारखेच पैसे देतात. एकाचे काम दुकानाने केले, दुसऱ्याने आपले काम आपण केले, आणि बिल तेच. आमच्याकडे सावडीने खुरपणी होते. आज मी तुझ्या रानात राबलो तर उद्या तू माझ्या रानात येतोस. सावडीत श्रमाची फेड श्रमानेच होते, म्हणून तिथे कोणी मजुरी मागत नाही. मोठे दुकान उद्या आपल्या रानात येणार नाही. तेव्हा त्याच्या रानात फुकट राबण्याची गोडी कोणी आपल्याला लावू नये.

तिसरी गोष्ट जोखमीची, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. काउंटरवरच्या मुलीने एक पुडा दोनदा मारला तर आपण म्हणतो, ‘ताई, हे दोनदा लागलंय बघा,’ आणि ती एक काढून टाकते. एखादा पुडा मारायचा राहिला तर ती दुकानाची चूक असते. यंत्रावर मात्र राहिलेला पुडा गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. डोक्यावर कॅमेरा असतो, पिशवीच्या वजनावर यंत्राची नजर असते, दारात रखवालदार बिल तपासतो. ज्याच्यावर काम टाकले त्याच्यावरच चोरीचा संशय घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. खेड्यातून आलेला, पायांत धुळीची चप्पल असलेला, भाषा न समजणारा माणूस त्या दाराशी अडवला जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. २०२२ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातल्या सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली, दुकानात नोकर कितीही असोत. दारावरची पाटी मराठीत असेल आणि ज्या पडद्यावर पैशांचा व्यवहार करायचा तो पडदा मराठीत नसेल, तर त्या पाटीचा गिऱ्हाइकाला काय उपयोग?

यंत्राच्या बाजूचे लोक कॅशियरविषयी कणव दाखवून आणखी एक मुद्दा मांडतात. दिवसभर उभे राहून तेच तेच बारकोड मारणे हे कंटाळवाणे, अंग मोडणारे काम आहे, त्यातून माणसाची सुटका झाली तर बरेच, असे ते म्हणतात. काम अंग मोडणारे आहे हे खरे. पण आठ-दहा तास उभे राहून पाय सुजतात त्यावरचा इलाज खुर्ची हा आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. साड्यांच्या आणि सोन्याच्या मोठ्या पेढ्यांत दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांनी तो झगडून मिळवला. त्यांनी खुर्ची मागितली होती, नोकरीतून सुटका मागितली नव्हती.

आणि हे काम सोडून त्या मुलीने जायचे कुठे? कर्जत, जामखेड, पाथर्डी, आष्टी या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. कित्येक घरे दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात. अशा घरातली मुलगी बारावी करते, जमले तर बी. कॉम. करते, आणि नगरला किंवा पुण्याला एखाद्या मोठ्या दुकानात बिलिंगला लागते. पगार थोडा असतो, पण तो बँकेत येतो. डोक्यावर छत असते, हजेरी असते, काही ठिकाणी पीएफ असतो. उसाच्या फडापासून दूर जाणारी ती पहिली पायरी आहे. या मुलींना दुसरे काम देऊ असे दुकाने सांगतात. त्यावर साधा विचार करावा. दुकानदार यंत्रावर पैसे घालतो ते पगार वाचवण्यासाठी. सगळ्यांना कामावर ठेवायचे असते तर यंत्राचा खर्च त्याला परवडला नसता. काही जणी मालाची मांडणी करायला जातील, एखादी यंत्रांवर लक्ष ठेवायला राहील, आणि पुढच्या वर्षी गावातून जाणाऱ्या मुलीला ‘जागा नाही’ असे उत्तर मिळेल. कोणाला काढले असे कुठे दिसणार नाही, घेतलेच जाणार नाही.

आता सगळ्यांत ताकदीचा आक्षेप. तो असा, की एके काळी दुकानदारच फळीवरून माल काढून द्यायचा. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः माल उचलायची पद्धत आणली. तेव्हाही दुकानाचे काम गिऱ्हाइकावर आलेच होते, आणि आज त्यावर कोणी तक्रार करत नाही. मग स्वतः बिल करण्यावरच का? एटीएमचेही उदाहरण दिले जाते. १९८७ मध्ये मुंबईत देशातले पहिले एटीएम आले, आज ते नको असे कोण म्हणेल?

याचे उत्तर या दोन्ही उदाहरणांतच आहे. फळीवरून स्वतः माल उचलताना गिऱ्हाइकाला काही मिळाले. दोन पुडे शेजारी ठेवून किंमत पाहता आली, तारीख वाचता आली, न विचारता परत ठेवता आले. एटीएमने रात्री-अपरात्री आणि रविवारी पैसे दिले, बँकेच्या खिडकीने ते कधीच दिले नसते. दोन्ही ठिकाणी श्रम वाढले आणि त्याबरोबर मुभाही वाढली. बिल करण्याच्या कामात कसली मुभा मिळते? माल निवडून झालेला असतो, भाव ठरलेला असतो, दुकान उघडण्या-मिटण्याची वेळ तीच असते. उरतात ते श्रम. बदलाचा न्याय या एका कसोटीवर करावा असे मला वाटते: काम माझ्याकडे आले तेव्हा त्याबरोबर माझ्या हाती काय आले? यूपीआय २०१६ मध्ये आले आणि मिरजगावच्या चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लागला, तो कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, आणि टपरीवाला होता तिथेच राहिला. यंत्राला विरोध करणारे गाव हे नाही.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त मोलाचा वाटतो. माणसाचा काउंटर प्रत्येकाला मायेने वागवत होता असे समजू नका, असे काही जण बजावतात. गावातल्या दुकानात दलित गिऱ्हाइकाला लांबून माल दिला जात होता, पैसे खाली ठेवायला लावले जात होते, हे आपल्या आजोबांच्या पिढीने केले आणि सोसलेही. सॅनिटरी पॅड मागताना मुलगी आजही पुरुष दुकानदारापुढे अवघडते. यंत्र जात विचारत नाही आणि टक लावून बघत नाही. हे सगळे खरे आहे, आणि ज्याला माणसापेक्षा यंत्र बरे वाटते त्याच्यासाठी यंत्र दुकानात असावे. पण अपमान करणाऱ्या माणसाला वठणीवर आणण्याचे काम आपण यंत्राच्या आड लपून टाळू शकत नाही. १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर लोक गेले ते इतर सर्वांच्या बरोबरीने पाणी भरण्याचा हक्क बजावायला. तसाच दुकानातला मानही माणसाकडूनच वसूल करायचा असतो. मोठ्या दुकानाच्या काउंटरवर आज आमच्या सगळ्या वस्त्यांमधल्या मुली असतात आणि सगळ्या जातींची गिऱ्हाइके त्यांच्या हातून बिल घेतात. हा बदल एकदा घडल्यावर तो काउंटरच काढून टाकणे, यात माणुसकीचा नफा कुठे आहे?

सवय होईल, या म्हणण्यालाही आता पुरावा आहे, तो उलट बाजूचा. हे यंत्र नवे नाही. अमेरिकेत अटलांटाजवळच्या क्रोगरच्या दुकानात १९८६ मध्ये ते बसले, म्हणजे सवय व्हायला जगाला जवळजवळ चाळीस वर्षे मिळाली. तरीही उत्तर इंग्लंडातल्या ‘बूथ्स’ या जुन्या दुकानसाखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या २८ दुकानांपैकी दोन वगळता बाकी सगळीकडून ही यंत्रे काढायचे ठरवले, गिऱ्हाइकांना माणूस हवा आहे असे सांगून. अमेरिकेतल्या ‘डॉलर जनरल’ने २०२४ मध्ये सुमारे १२ हजार दुकानांतून ती हटवली, कारण मालाची गळती परवडेना. नेदरलँड्समध्ये ‘युम्बो’ने २०१९ मध्ये ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी गप्पांचा काउंटर सुरू केला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दिवसभरात बोलायला कोणीतरी मिळावे, हा त्याचा हेतू. तो लोकांना इतका भावला, की पुढे अशा २०० काउंटरांची घोषणा झाली. ज्या देशांनी यंत्र आधी आणले तिथल्या काही साखळ्या माणसाकडे परतू लागल्या आहेत, आणि आपल्याला मात्र त्यांनी टाकलेला मार्ग प्रगती म्हणून दाखवला जातो आहे. क्रीडासाहित्याच्या ‘डेकॅथलॉन’सारख्या दुकानांत वस्तू टोपलीत टाकल्या की बिल तयार, ही सोय आपल्याकडेही आलेली आहे. ती किराण्याच्या दुकानात पसरण्याआधी बोलले पाहिजे.

गिऱ्हाइकाने स्वतः काम करावे या विचाराला माझा विरोध नाही, उलट महाराष्ट्राने त्याची फार मोठी उदाहरणे घालून दिली आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, आलेला माल आपणच वाटून घेतात. हिशेब ठेवण्याचे काम मुख्यतः बायका करतात, त्याचे पैसे कोणी घेत नाही. तिथे कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही, कारण वाचलेला पैसा त्यांच्याच घरात जातो, आणि माल कोणता घ्यायचा हेही त्याच ठरवतात. १९४८ मध्ये नायगावला गिरणी कामगारांच्या वस्तीत उभा राहिलेला ‘अपना बाजार’, वारणानगरचा ‘वारणा बाजार’ ही अशीच गिऱ्हाइकांच्या मालकीची दुकाने. आमच्याच जिल्ह्यात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभारून दाखवला. मालकी असेल तर माणूस आनंदाने राबतो. मालकी दुसऱ्याची, नफा दुसऱ्याचा आणि राबणे आपले, हे ज्याला टोचते तो माणूस मागासलेला ठरत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जिथे यंत्र आहे तिथे दुकान उघडे असेपर्यंत किमान एक काउंटर माणसाचा चालू हवा, आणि तिथे रोख पैसे घेतले गेले पाहिजेत. पडदा मराठीत हवा. यंत्रावरची चूक ही आधी चूक समजावी, चोरीचा आरोप पुराव्याशिवाय होऊ नये. स्वतः बिल करणाऱ्याला बिलातच सूट मिळावी. काउंटरवरच्या कामगाराला खुर्ची मिळावी. यातली एकही मागणी यंत्राच्या आड येत नाही. ग्राहक संघटनांनी त्या उचलाव्यात, आणि आमदारांनी दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात त्या घालून घ्याव्यात.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. नगरला, पुण्याला खरेदीला गेलात आणि दोन्ही सोयी समोर असल्या, तर रांग लांब असली तरी माणसाच्या काउंटरला उभे राहा, आणि का उभे राहिलात ते मॅनेजरला सांगून या. यंत्रे चालवायची की काढायची हे मोठी दुकाने आकड्यांवरून ठरवतात. रिकामी यंत्रे आणि भरलेली रांग हा आकडा त्यांना नक्की वाचता येतो.